लोबानाचं तेल वापरताय? या चुका टाळा

मागच्या वर्षीची गोष्ट. गुरुवारी संध्याकाळी सासूबाईंनी ऊद घालायला धुपाटणं घेतलं आणि डबी उघडली तर ती रिकामी. "अगं, तुझ्याकडे ते लोबानाचं तेल आहे ना, त्याचेच चार थेंब टाकते," म्हणाल्या. "थांबा आई" हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत तेल निखाऱ्यावर पडलं होतं. भप्पकन हातभर जाळ उठला. धुपाटणं हातातून सुटलं, निखारे फरशीवर पसरले. पदर वाचला, भुवईचे चार केस जळाले. फरशीवरचा काळा डाग अजून तसाच आहे.

चूक त्यांची म्हणवत नाही. ऊद निखाऱ्यावर टाकतात, मग ऊदाचं तेल का नाही? पण डिंक निखाऱ्यावर हळूहळू धुमसतो, आणि तेल म्हणजे जवळजवळ टर्पेंटाइनचा भाऊ. 35 अंशांच्या आसपासच त्याच्या वाफा ठिणगी मिळाली की पेट घेतात. आमच्या नागपुरात मे महिन्यात सावलीतही याहून जास्त तापतं. तेव्हा निखारा, पणती, समई, गॅसची शेगडी यांच्याजवळ ही बाटली उघडूसुद्धा नका. उघड्या ज्योतीवर ठेवायच्या मातीच्या दिव्यातही हे तेल नुसतं ओतू नका. वरच्या वाटीत आधी पाणी घाला, त्यात दोन-तीन थेंब टाका आणि पाणी आटायच्या आत दिवा विझवा.

मी घरी साबण आणि मालिशची तेलं करून विकते. त्यामुळे या तेलाबद्दल रोज कुणी ना कुणी विचारतं, आणि बहुतेक घोटाळ्यांची सुरुवात नावापासून होते.

नावाचा घोळ

आपण बोलतोय ते तेल फ्रँकिन्सेन्सचं. अरबीत त्याच्या डिंकाचा मूळ शब्द 'लुबान'. सुमात्रा-जावा भागातून येणाऱ्या दुसऱ्याच एका झाडाच्या डिंकाला अरब व्यापारी 'लुबान जावी' म्हणायचे, आणि त्याचंच पुढे युरोपात बेन्झॉइन झालं. आपल्याकडे किराणा दुकानात ऊद किंवा लोबान म्हणून पुडीत मिळतो तो बहुतेक वेळा हा बेन्झॉइनच. अत्तरवाल्याकडचा ऊद तिसराच, तो अगरूच्या लाकडाचा. फ्रँकिन्सेन्स या सगळ्यांहून वेगळा, बॉस्वेलिया जातीच्या झाडांचा. ओमान, येमेन, सोमालिया, इथिओपिया ही त्याची घरं. ओमानच्या धोफार भागातली वादी दौका ही या झाडांची दरी युनेस्कोने 2000 साली जागतिक वारसा यादीत घेतली. आणि याच कुळातलं एक झाड आपल्याकडे आहे: सालई. मेळघाटात, सातपुड्यात डोंगरउतारावर कागदासारखे पापुद्रे सुटलेली साल दिसली तर जवळ जाऊन बघा. वैद्य याच झाडाला शल्लकी म्हणतात आणि त्याच्या डिंकाला कुंदुरू.

म्हणून बाटलीवर नुसतं 'लोबान तेल' लिहिलेलं असेल तर घेऊ नका. झाडाचं शास्त्रीय नाव हवं: बॉस्वेलिया सॅक्रा, कार्टेरी, सेराटा, फ्रेरिआना, पॅपिरिफेरा, यांपैकी काहीतरी. 'फ्रेग्रन्स ऑइल' असे शब्द दिसले तर तो कारखान्यातला वास. साबणात चालेल, बाकी उपयोग नाही. घरी एक साधी परीक्षा करता येते. खरं तेल पाण्यासारखं पातळ असतं. वासात आधी लिंबाची साल आणि चिडाचं लाकूड येतं, देवळाच्या गाभाऱ्याचा वास त्यामागून. दाट, चिकट आणि व्हॅनिलासारखं गोड काही निघालं तर तो बेन्झॉइन समजा. कोऱ्या कागदावर थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी तळणीच्या कागदासारखा तेलकट डाग राहिला असेल तर आत खाद्यतेल मिसळलेलं आहे. अर्थात सगळी भेसळ या परीक्षेत पकडली जात नाही, कारण स्वस्त टर्पेंटाइन मिसळलं असेल तर तेही तसंच उडून जातं.

कॅप्सूलचं श्रेय बाटलीला

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, आणि विकणारे ती मुद्दाम करतात.

शल्लकीवर संशोधन झालेलं आहे, चांगलं झालेलं आहे. गुडघ्याच्या संधिवातावरची 2003 साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी तर नागपूरच्याच इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातली. तीस रुग्ण, अर्क आणि खोटं औषध यांची तुलना, आणि अर्क घेतलेल्यांच्या दुखण्यात, सुजेत फरक दिसला. पण तो डिंकाचा अर्क होता, पोटात घ्यायचा. त्यातले कामाचे घटक म्हणजे बॉस्वेलिक आम्लं. हे रेणू जड असतात. तेल काढताना डिंकातून वाफ सोडतात आणि त्या वाफेबरोबर जे हलकं वर उडतं तेवढंच बाटलीत येतं: पायनिन, थुजिन, लिमोनिन वगैरे. बॉस्वेलिक आम्लं खाली भांड्यातच राहतात. म्हणजे ज्या घटकासाठी लोक हे तेल गुडघ्याला चोळतात, तो त्यात जवळजवळ नसतोच. चोळल्याने बरं वाटतं हे खरं. पण त्यातलं बरंचसं श्रेय कोमट तिळाच्या तेलाला आणि चोळणाऱ्या हाताला द्यायला हवं.

कॅन्सर बरा होतो म्हणणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नका. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर तेल ओतून पेशी मरतात, एवढ्यावरून माणसाबद्दल काही ठरत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) 2014 साली सुगंधी तेलं विकणाऱ्या कंपन्यांना लेखी ताकीद दिली होती, कारण त्यांचे विक्रेते इबोलापर्यंतचे आजार तेलाने बरे होतात असं सांगत होते.

मग फायदा काय? वास. खोलीत रेंगाळणारा, जड न होणारा, मन जरा शांतवणारा वास. 2008 मध्ये या डिंकातल्या इन्सेन्सोल अॅसिटेट या घटकाचा उंदरांवर शांतवणारा परिणाम दिसला होता. पण तो घटक सगळ्या जातींत सारखा नसतो, आणि उंदीर शेवटी उंदीरच. मला स्वतःला रात्री भांडी आवरून झाल्यावर वीस मिनिटं हा वास आवडतो. एवढं कारण पुरेसं आहे.

नुसतं तेल अंगाला

शेजारच्या काकूंनी गुडघ्याला बाटलीतलं तेल तसंच चोळलं आणि वर गरम पाण्याची पिशवी ठेवली. सकाळी पिशवीच्या आकाराचा लालभडक चौकोन. तिसऱ्या दिवशी साल निघाली. "नैसर्गिक आहे ना गं ते?" असं मलाच विचारत होत्या. बिब्बाही नैसर्गिकच असतो की!

हिशेब सोपा आहे. 1 मिलिलिटरमध्ये साधारण 20 थेंब बसतात. पोहे खायचा लहान चमचा नव्हे, औषधाबरोबर मिळणारा 5 मिलीचा चमचा घ्या. एका चमचा खोबरेल, तीळ किंवा बदाम तेलात 1 थेंब म्हणजे 1 टक्का. चेहऱ्याला यापुढे जाऊ नका. 2 थेंब म्हणजे 2 टक्के. हातापायांच्या मालिशीला एवढं भरपूर. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट बघा. पाण्यात मिसळून लावायचा विचार सोडा, तेल वर तरंगतं आणि पहिला हात लागेल तिथे सगळं चिकटतं. बादलीत किंवा टबात टाकतानाही हेच होतं.

लावल्यावर त्वचेची आग झालीच तर लगेच नळाखाली धरायची घाई नको. पाण्याने हे तेल निघत नाही. आधी खोबरेलात भिजवलेल्या कापसाने पुसा, मग साबणाने धुवा. डोळ्यात गेलं तर मात्र वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. एक दिलासा: लिंबू-बर्गमॉटचं तेल लावून उन्हात गेल्यास डाग पडतात, तसे याने पडत नाहीत.

पोटात घेणं

मस्कतला राहून आलेले नातेवाईक सांगतात, तिथे लोबान पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी ते दुधाळ पाणी पितात. खरं आहे. पण ते डिंकाचे खडे असतात. इथे त्याचं भाषांतर 'कोमट पाण्यात तेलाचे दोन थेंब' असं झालं आणि मोबाइलवर फिरायला लागलं. तेल पाण्यात विरघळत नाही; ते जसंच्या तसं घशाला आणि जठराच्या आवरणाला जाऊन लागतं. पिऊ नका. शल्लकीच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः रक्त पातळ करायची औषधं चालू असतील तर.

लहान मुलाने बाटली तोंडाला लावली तर उलटी करवू नका. उलटीबरोबर तेल श्वासनलिकेत जातं आणि खरा धोका फुप्फुसांना असतो. मूल खोकत असेल, सुस्त वाटत असेल तर सरळ दवाखाना. बाटली बरोबर न्या. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117 आहे.

डिफ्यूझर, बाळ आणि मांजर

बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपा-ऊदाची धुरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, म्हणून डिफ्यूझर, म्हणजे पाण्यात थेंब टाकून वास हवेत सोडणारं विजेचं यंत्र, बाळाच्या पाळण्याशी लावणारेही आहेत. तान्ह्या बाळाच्या खोलीत दोन्ही नको. बंद खोलीत निखारे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, हे आजीला ठाऊक नव्हतं, आपल्याला आहे. गरोदरपणात पहिले तीन महिने हे तेल बाजूलाच ठेवा. घरात दमेकरी असेल तर आधी त्याला विचारा. मांजरांच्या यकृताला असली द्रव्यं नीट पचवता येत नाहीत, पक्षी त्याहून नाजूक.

"वास येईनासा झालाय, तेल खोटं आहे," अशी तक्रार माझ्याकडे नेहमी येते. तेल खरं असतं, नाक थकलेलं असतं. अर्ध्या तासाने त्याच खोलीत बसलेल्याला वास जाणवत नाही, आणि लोक अजून दहा थेंब टाकतात. मग डोकं धरतं. 100 मिली पाण्यात 3 ते 5 थेंब, अर्धा तास चालू, तासभर बंद, खिडकी फटभर उघडी. बाहेर चक्कर मारून आलात की वास असतो तिथेच असतो.

बाटली खराब होते ती अशी

हवा, ऊन आणि गॅसजवळची फडताळं. पायनिन आणि लिमोनिन हवेने जुने होतात आणि तेच तेल, जे कधी झोंबलं नव्हतं, खाज आणायला लागतं. गडद काचेची बाटली, घट्ट झाकण, फ्रिजच्या दारात जागा. फोडल्याची तारीख झाकणावर लिहा. दीड-दोन वर्षांनी अंगाला लावणं बंद. रबराच्या फुग्याचा ड्रॉपर बाटलीत तसाच ठेवू नका. महिन्या-दोन महिन्यांत रबर चिकट होऊन तेलात उतरतं. माझी एक अख्खी 15 मिलीची बाटली अशी वाया गेलेली आहे. थर्माकोलच्या पेल्यात तेल मोजणाऱ्यांचा पेलाच विरघळतो, आणि पॉलिश केलेल्या टेबलावर सांडलं तर पांढरा डाग पडतो.

जुनं झालेलं तेल फेकून देत नाही मी. बरण्यांवरच्या लेबलांचा चिवट गोंद त्याने झकास निघतो. हातमोजे घालायचे, कापसावर चार थेंब घ्यायचे, पाच मिनिटं दाबून ठेवायचं. लोणच्याच्या सगळ्या बरण्या यंदा तशाच साफ केल्या.