गावाचं पाणी वाचवायला निघालात? मग या चुका टाळा

दर उन्हाळ्यात तेच बघतोय. एप्रिल लागला की पोरं ग्रुप काढतात, एक मीटिंग, एक शपथ, फोटो, आणि पंधरा दिवसांत सगळं थंड.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे सगळ्यांची एकदम लाज काढणं. आम्ही हीच केली. धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठचं आमचं गाव, नळ चार दिवसांआड, आणि निम्म्या नळांना तोट्याच नाहीत, पाणी सरळ गटारीत. पारावर फलक लावला, 'गावातले बहुतेक लोक पाणी वाया घालवतात, लाज बाळगा'. आठ दिवसांत गल्लीतल्या आबांनी होती ती तोटी पण काढून ठेवली, म्हणे "आख्खा गावले फिकर नही, मंग मी एकलाच येडा शे का?" अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या दगड झालेल्या लाकडांच्या जंगलात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांच्या टीमला हेच दिसलं, 'खूप लोक लाकूड उचलून नेतात' अशी पाटी लावली तर चोरी वाढली. शेवटी आम्ही फलक पुसला आणि ज्यांनी तोटी बसवली त्यांची नावं रोज संध्याकाळी खडूने लिहायला लागलो. आबांचं नाव नवव्या दिवशी आलं, नीट लिहिलंय का ते स्वतः येऊन बघून गेले.

दुसरी चूक, नुसत्या चांगुलपणावर सोडून देणं. माणूस दुसरा देतोय तोवर देतो, शेजारी फुकट घेतोय दिसलं की हात आखडतो. फेर आणि गेख्टर या अर्थशास्त्रज्ञांच्या २००० सालच्या प्रयोगात सामायिक पैशात लोकांचा वाटा फेरीगणिक घटत गेला, आणि दंडाची सोय दिल्यावर वाढला. आपल्याकडच्या जुन्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे तुकडे (फड) पाडून पाणी मिळून वाटायच्या रीतीत, हा संशयच उरू दिला नव्हता, शेतकरी स्वतः पाण्याला हात लावत नाही, पाणी सोडायला नेमलेले पाटकरी बारेकरी देतील तेव्हाच, कोणत्या फडात कोणतं पीक ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि पाणी कमी असलं की कमी फड भिजवायचे, प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात म्हणून एकटा कोणी मरत नाही. असल्याच सामायिक व्यवस्थांच्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि आपली पोरं मात्र चार दिवसांत रिझल्ट मागतात!

नळाला मोटार लावणाऱ्याला पहिल्याच दिवशी चारचौघांत दंड करू नका. मी आधी घरी जाऊन चहा घेतो, दुसऱ्यांदा सापडला की पावती.

दुसऱ्या गावाचे नियम झेरॉक्स करू नका. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखलं ते स्वतः बसून ठरवलेल्या नियमांवर.

आणि विहिरीच्या आत कठड्यापासून खाली फुटाफुटाच्या खुणा रंगवून घ्या, ऑइलपेंटनेच, पाणी किती उतरलं ते हंडा भरायला आलेल्या प्रत्येकाला दिसलं पाहिजे.