लिनक्सवर व्हर्च्युअल फाइल्स चालू केल्यात? या चुका टाळा

नेक्स्टक्लाउड म्हणजे आपल्या फाइली सर्व्हरवर ठेवून कॉम्प्युटरशी जुळवून (सिंक करून) ठेवणारी प्रणाली, आणि व्हर्च्युअल फाइल्स म्हणजे डिस्कवर नुसतं नाव दिसणाऱ्या, पण मजकूर सर्व्हरवरच असणाऱ्या फाइली. तिच्या लिनक्स क्लायंटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, हा पर्याय आपणहून दिसत नाही. कॉन्फिग फाइलमध्ये प्रायोगिक पर्याय दाखवण्याची ओळ टाकली की मगच तो दिसतो. विंडोजवर या सोयीला खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार आहे. इथे क्लायंट जुगाड करतो. डाउनलोड न केलेल्या फाइलच्या जागी एका बाइटची पोकळ फाइल ठेवतो आणि तिच्या नावामागे 'डॉट नेक्स्टक्लाउड' हे शेपूट लावतो. पुढचे बहुतेक घोळ या शेपटाचेच.

सगळ्यात महाग पडते ती बॅकअपमधली चूक. सिंक फोल्डरवर आरसिंक (फाइलींची प्रत दुसरीकडे नेणारी कमांड) चालवलं, एरर नाही, फाइलींची संख्याही जुळली, म्हणून निर्धास्त राहू नका. टर्मिनलमध्ये तपशीलवार यादी (ls -l) काढून साइजचा रकाना बघा. तिथे ओळीमागून ओळ 1 दिसत असेल, तर बॅकअपमध्ये नुसती नावं गेली आहेत. आरसिंकला डिलीटचा पर्याय दिलेला असेल, तर आणखी वाईट: शेपटामुळे नाव बदललेलं असतं, त्यामुळे बॅकअपमधली जुनी, खरी प्रत 'मुळात नाही' असं समजून उडवली जाते. बॅकअप सर्व्हरवरूनच घ्यावा, किंवा सगळ्या फाइल्स पूर्ण उतरवलेल्या मशीनवरून.

पोकळ फाइल डिलीट केली, तर सर्व्हरवरची खरी फाइलही जाते. डिस्कवर जागा करायची असेल तर राइट क्लिक करून 'लोकल जागा मोकळी करा' या अर्थाचा पर्याय निवडा. चुकून डिलीट झालीच, तर सर्व्हरच्या ट्रॅशमध्ये लगेच शोधा. शेपूट हाताने काढायच्या फंदात पडू नका. गिट रिपॉझिटरी (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं फोल्डर) किंवा स्क्रिप्टला लागणारे फोल्डर 'कायम लोकल' करून ठेवा, नाहीतर डोळ्यांसमोर असलेली फाइल प्रोग्रामला सापडत नाही.

फीचर बंद करतानाही घाई नको. बंद करताच क्लायंट सगळा डेटा खाली ओढायला लागतो. आधी सर्व्हरवरचा एकूण साठा आणि डिस्कवरची मोकळी जागा ताडून पाहा.

आणि प्रत्येक खापर प्रायोगिक फीचरवर फोडू नये. लोकल बदल उशिरा उचलले जात असतील, तर संशय आयनोटिफायवर घ्या; फोल्डरमधले बदल प्रोग्रामला कळवणारी ही लिनक्स कर्नलची सोय. त्यात प्रत्येक फोल्डरला एक वॉच (नजर ठेवणारी नोंद) लागतो. जुन्या कर्नलमध्ये या वॉचची मर्यादा 8192 असायची, 5.11 पासून ती रॅम पाहून ठरते. कमी पडत असेल, तर सिसकंट्रोलच्या (sysctl, कर्नलच्या) सेटिंगमध्ये वाढवता येते.

कॉन्फिगमध्ये ओळ टाकूनही पर्याय दिसत नसेल, तर क्लायंट फ्लॅटपॅकचा (ॲप वेगळ्या बंदिस्त जागेत चालवणाऱ्या पॅकेज पद्धतीचा) आहे का ते बघा. त्याची कॉन्फिग फाइल नेहमीच्या जागी नसते; होममधल्या 'डॉट व्हार' फोल्डरमध्ये, 'ॲप'च्या आत असते. क्लायंट पूर्ण बंद करून मगच ती बदला.