घरचा नियम लावण्याआधी तो कोणाला भोवतो ते बघा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ. त्याचं टेबल, म्हणजे खेळणाऱ्यांचा गट, जरा रुळलं की कोणीतरी म्हणतंच, "मंकमध्ये काही दम नाही, त्याचं डॅमेज वाढवू या." किंवा, "विझर्ड सगळ्यांना खाऊन टाकतो, त्याचे स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या संधी, कापा." कोथरूडला आमच्या घरी शुक्रवारी रात्री टेबल बसतं आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, मी असते. अशी मागणी आली की मी ती वहीत लिहून घेते, पण लगेच हो म्हणत नाही. दिसायला नियम सगळ्यांना सारखाच असतो. त्याची किंमत मात्र कुठल्यातरी एकाच क्लासला (मंक, विझर्ड, फायटर अशा पात्राच्या प्रकाराला) मोजावी लागते, आणि तो क्लास कोणता हे आधी शोधायचं. पुढचे आकडे २०१४च्या पुस्तकांतले आहेत, आमचं टेबल अजून त्यांवरच चालतं.

सगळ्यात लाडका घरचा नियम, म्हणजे टेबलाने स्वतःपुरता लावलेला नियम, आहे फम्बल. वार लागला का हे ठरवणाऱ्या वीस बाजूंच्या फाशावर १ पडला की तलवार हातातून निसटते, नाहीतर शेजारच्या मित्राला लागते. पहिल्यांदा सगळे खूप हसतात. पण हिशेब मांडून बघा. एका वाराला १ पडण्याची शक्यता ५ टक्के. पाचव्या लेव्हलच्या फायटरला एका टर्नमध्ये दोन वार मिळतात, म्हणजे निदान एक फम्बल होण्याची शक्यता जवळजवळ १० टक्के. अकराव्या लेव्हलला तीन वार, १४ टक्के. विसाव्या लेव्हलला चार वार, साडेअठरा टक्के. म्हणजे फायटर जितका मुरलेला, तितकी त्याची तलवार जास्त वेळा खाली पडणार! मंकचे हाल याहून वाईट. तो पाचव्या लेव्हललाच 'की' नावाच्या आपल्या खास शक्तीचा पॉइंट खर्चून चार वार करू शकतो, म्हणजे विसाव्या लेव्हलच्या फायटरचा धोका त्याच्या वाट्याला कितीतरी आधी येतो. आणि विझर्ड? तो फायरबॉल टाकतो, सहा बाजूंचे ८ फासे, सरासरी २८ डॅमेज, आणि विसाचा फासा हातात घेतच नाही. सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, समोरच्याने टाकायचा असतो. ज्या टेबलावर "फायटर मागे पडतो" अशी कुरकुर असते, तिथे फम्बलचा नियम चालू आहे का हे मी आधी विचारते. बऱ्याचदा असतो.

माझा सल्ला सरळ आहे, फम्बल काढून टाका. टेबलाला त्यातली गंमत सोडवतच नसेल, तर टर्नमधल्या फक्त पहिल्या वारालाच लावा. मग फायटर कुठल्याही लेव्हलचा असो, धोका ५ टक्क्यांवरच राहतो.

फ्लँकिंगचंही असंच. शत्रूच्या दोन बाजूंना दोघे उभे राहिले की अ‍ॅडव्हान्टेज, हा ऐच्छिक नियम पुस्तकातच आहे. अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. पण बार्बेरियन दुसऱ्या लेव्हलला रेकलेस अटॅक घेतो तो याच अ‍ॅडव्हान्टेजसाठी, आणि त्याच्या बदल्यात शत्रूलाही स्वतःवर अ‍ॅडव्हान्टेज देतो. तीच गोष्ट बाकीच्यांना दोन पावलं सरकून फुकट मिळाली, तर बार्बेरियनने अंगावर जखमा कशासाठी घ्यायच्या? आमच्याकडे फ्लँकिंगला फाशावर नुसता +२ मिळतो. दोघांनी मिळून घेरण्याला अर्थ राहतो आणि बार्बेरियनचा मानही राहतो.

आता वॉरलॉक, हाही जादू करणारा क्लास. "मला दोनच स्लॉट, विझर्डला नऊ" ही तक्रार पाचव्या लेव्हलला हमखास येते. आकडे खरे आहेत, पण दुखणं क्लासमध्ये नसून वेळापत्रकात आहे. वॉरलॉकचे स्लॉट शॉर्ट रेस्टनंतर (तासाभराच्या विश्रांतीनंतर) परत येतात, विझर्डला लाँग रेस्टपर्यंत (रात्रभराच्या झोपेपर्यंत) थांबावं लागतं. दिवसात सहा ते आठ मध्यम चकमकी होतील असं धरून ही मांडणी केलेली आहे. आता आमचं वास्तव बघा. हिंजवडीहून निघालेला माणूस शुक्रवारी आठच्या आत कोथरूडला पोचला तर नशीब, आणि अकरानंतर सोसायटीत आवाज चालत नाही. तीन तासांत एक मोठी लढाई होते आणि पात्रं झोपायला जातात. एकाच लढाईत नऊ स्लॉट उधळायला मिळाले तर विझर्ड भारी वाटणारच.

म्हणून मी वॉरलॉकला तिसरा स्लॉट दिला नाही. दोन गोष्टी बदलल्या. शॉर्ट रेस्ट तासाऐवजी दहा मिनिटांची केली, दिवसाला जास्तीत जास्त दोन. आणि सेशन संपलं म्हणून पात्रांचा दिवस संपत नाही, उरलेले हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजणारा आकडा) आणि स्लॉट वहीत लिहून पुढच्या शुक्रवारी तिथूनच सुरुवात. आता वॉरलॉकला दिवसात सहा स्लॉट मिळतात, सगळे तिसऱ्या लेव्हलच्या मंत्रांचे. विझर्डकडे त्या लेव्हलचे दोनच, आर्केन रिकव्हरी (शॉर्ट रेस्टमध्ये दिवसातून एकदा काही स्लॉट परत देणारी त्याची शक्ती) धरून तीन. आमच्या वॉरलॉकची कुरकुर तेव्हापासून बंद आहे. तुमची गोष्ट गडावरून गडावर प्रवासाची असेल, तर पुस्तकातला दुसरा पर्याय बघा: शॉर्ट रेस्ट ८ तासांची, लाँग रेस्ट ७ दिवसांची.

क्लासला हात लावण्याआधी मैदान बदलून बघा, हे मी फार मनापासून सांगते. धनुष्यवाला रेंजर लांबूनच सगळ्यांना टिपत होता, तेव्हा मी राजगडाची संजीवनी माची डोळ्यांसमोर ठेवून नकाशा काढला. तिथे तटबंदी दुहेरी आहे, मधली वाट चिंचोळी, आणि तट वळणं घेत जातो. लाँगबोचा पल्ला १५० फूट असला तरी समोर वीस फुटांवर वळण असेल तर करणार काय! त्या रात्री ढाल घेतलेला पॅलाडिन वाट अडवून उभा राहिला आणि बाकीचे त्याच्या आडोशाने लढले. नियम एकही बदलला नव्हता.

शत्रूही असाच बदलता येतो. ग्रेट वेपन मास्टर ही फीट (पात्राने निवडून घ्यायचं खास कौशल्य; यात फाशावर ५ कमी घेऊन डॅमेज १० वाढवता येतं) घेतलेल्या फायटरबद्दल तक्रार आली की मी त्याला कागदावर ओगर नावाच्या राक्षसाशी लढवते. ओगरचा एसी (वार लागायला फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) ११, हिट पॉइंट ५९. पाचवी लेव्हल, स्ट्रेंथ १८, हातात ग्रेटसोर्ड: साध्या वारांनी टर्नला सरासरी १९ डॅमेज, −५/+१० वापरून जवळपास २६. फरक मोठा दिसतो. आता एसी १८ करा. साध्या वारांनी साडेअकराच्या थोडं वर, −५/+१० वापरून अकराच्या थोडं वर. फायदा संपला. चिलखत घातलेले दोन-चार शत्रू आणले की काम होतं, फीट कापावी लागत नाही.

एवढं करूनही नियम बदलावाच लागला, तर तो सेशनच्या मध्ये कधीही बदलू नका. आधी सांगा, तीन सेशन चालवून बघा, आणि शत्रूंनाही तोच नियम लावा. नियमामुळे ज्याच्या पात्राची ताकद जाते, त्याला क्लास किंवा फीट बदलून घ्यायची मुभा द्या. त्याने ते पात्र जीव लावून घडवलेलं असतं. वहीत प्रत्येक नियमापुढे तीन रकाने आखा: कोणी मागितला, कोणाला फायदा, कोणाला फटका. तिसरा रकाना भरताना त्या क्लासचा खेळाडू समोर बसलेला असू द्या, आणि त्याच्या तोंडून जे येईल तेच लिहा.