कॉलेजचा क्वार्टरबॅक कसा पारखावा: एनएफएल ड्राफ्टपूर्वीच्या मूल्यमापनाची पद्धत

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, एप्रिलच्या अखेरीस होणाऱ्या ड्राफ्टमध्ये ३२ संघ सात फेऱ्यांत कॉलेजचे खेळाडू निवडतात आणि निवडीचा क्रम मागच्या हंगामातील कामगिरीच्या उलटा, म्हणजे तळाच्या संघापासून सुरू होतो. त्या तळाच्या संघाला बहुधा पास फेकणारा आक्रमणाचा सूत्रधार, म्हणजे क्वार्टरबॅकच हवा असतो, कारण जवळपास प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. २०२४ मध्ये पहिल्या १२ निवडींपैकी सहा क्वार्टरबॅकच्या होत्या. इतकी मागणी असूनही याच जागेची पारख वारंवार फसते. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग पहिला आणि रायन लीफ दुसरा निवडला गेला तेव्हा दोघांत फारसे डावे-उजवे नाही असे मानणारे जाणकार होते. मॅनिंग सर्वकालीन थोरांमध्ये जाऊन बसला आणि लीफची कारकीर्द काही वर्षांतच आटोपली. पुढे थोर ठरलेला टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९व्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. २०१७ मध्ये शिकागो बेअर्सने एक जागा वर सरकून मिचेल ट्रुबिस्कीला दुसऱ्या क्रमांकावर उचलले, आणि पुढे त्याच्याहून कितीतरी सरस ठरलेला पॅट्रिक महोम्स दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीला मिळाला.

या चुकांचे मुख्य कारण माझ्या मते एकच आहे. कॉलेजमध्ये दिसणाऱ्या यशात खेळाडूच्या कौशल्याबरोबर सहकाऱ्यांची ताकद, प्रशिक्षकाची योजना आणि प्रतिस्पर्ध्यांचा दुबळेपणाही मिसळलेला असतो, आणि आपण ते सगळे एकट्या क्वार्टरबॅकच्या खात्यावर जमा करतो. म्हणून खालील पद्धतीत प्रत्येक पायरीवर जे त्याचे नाही ते बाजूला काढायचे आहे. संघांच्या व्यावसायिक निरीक्षकांकडे असलेली साधने आपल्याकडे नसली, तरी ही पद्धत घरी बसून अमलात आणता येते.

पहिली पायरी: कोणते सामने पाहायचे ते आधी ठरवा

निवडक क्षणांच्या चित्रफितींनी सुरुवात करू नका. त्यांत फसलेले पास नसतात, आणि आपल्याला मुख्यतः तेच हवे आहेत. किमान चार पूर्ण सामने निवडावेत: सर्वांत कणखर बचावफळीविरुद्धचा एक, हरलेला एक, दुसऱ्याच्या मैदानावर किंवा पावसा-वाऱ्यात खेळलेला एक, आणि आदल्या हंगामातला एक. भारतातून पाहणाऱ्यांना शनिवारी रात्री उशिरापासून रविवारी सकाळपर्यंत चालणारे हे सामने थेट पाहण्याची गरज नाही. थांबवून, मागे नेऊन पाहता येईल असे ध्वनिचित्रमुद्रणच या कामाला जास्त उपयोगी पडते. शक्य असेल तेव्हा सर्व २२ खेळाडू एकाच चौकटीत दिसतील असे उंचावरचे चित्रण मिळवावे, कारण दूरदर्शनचा कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि मागच्या बचावपटूंची हालचाल चौकटीबाहेर राहते.

आदल्या हंगामातला सामना का, हे जो बरोच्या उदाहरणावरून कळते. लुइझियाना राज्य विद्यापीठाकडून (एलएसयू) २०१८ मध्ये त्याचे ५७.८ टक्के पास पूर्ण झाले आणि थेट गुण मिळवून देणारे टचडाउन पास १६ होते. २०१९ मध्ये तेच आकडे ७६.३ टक्के आणि ६० झाले. एवढी उडी दिसली की ती कशामुळे, हे शोधणे भाग पडते. बरोच्या बाबतीत नवी पास-योजना आणि असामान्य रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) ही कारणे होती, पण २०१८ चे सामने पुन्हा पाहिले तर त्याचा थंड डोक्याने खेळ वाचण्याचा गुण तेव्हाही दिसत होता. अनुभवही तपासावा. ट्रुबिस्कीने कॉलेजमध्ये केवळ १३ सामन्यांत सुरुवातीपासून खेळ केला होता, तर २०२४ मध्ये बाराव्या क्रमांकावर गेलेल्या बो निक्सने ऑबर्न आणि ओरेगन ही दोन विद्यापीठे मिळून ६१. कमी सामने खेळलेला मुलगा वाईट असतो असे नव्हे, मात्र त्याच्याविषयी मत बांधायला पुरावा कमी असतो, आणि हा फरक आपल्या नोंदीत स्पष्ट लिहायला हवा.

दुसरी पायरी: एकच चाल चार वेळा पाहा

समजा, थर्ड डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चारपैकी तिसरा प्रयत्न आहे आणि अजून आठ यार्ड हवे आहेत. पहिल्यांदा पाहताना चित्र स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे दिला जाण्याच्या आधी थांबवा. क्वार्टरबॅक समोरच्या बचावफळीकडे पाहून काही बदलतो का? एखाद्या बाजूने जादा माणूस धावून येणार असे वाटल्यावर तो आपल्या लाइनला, म्हणजे पुढे उभे राहून त्याला वाचवणाऱ्या खेळाडूंना, हाताने किंवा आवाजाने सावध करतो का, की बाकावरच्या प्रशिक्षकांकडे मान वळवून थांबतो? बचावफळीत सर्वांत मागे उभे असलेले दोन बचावपटू, म्हणजे सेफ्टी, कुठे आहेत हेही टिपा.

दुसऱ्यांदा फक्त त्याचे पाय पाहा. पाच पावले मागे गेल्यावर मागचा पाय रोवला जातो, त्या क्षणी पहिला रिसीव्हर मोकळा आहे की नाही याचा निर्णय व्हायला हवा. नसेल तर एक छोटी उडी घेऊन पाय दुसऱ्या रिसीव्हरकडे वळायला हवेत. चांगल्या क्वार्टरबॅकचे पाय आणि डोळे एकत्र फिरतात. डोळे डावीकडे आणि पाय उजवीकडे राहिले की चेंडू उंच किंवा मागे जातो, आणि असा पास नशिबाने झेलला गेला तरी ती चूकच असते.

तिसऱ्यांदा हेल्मेटची दिशा पाहा. मधला सेफ्टी स्नॅपनंतर पुढे सरकून सापळा लावतो आहे, हे त्याला कळले का? त्याने नजरेने त्या सेफ्टीला एका बाजूला ओढून चेंडू दुसरीकडे फेकला का? अशी एक चाल सामन्यात तीन-चार वेळा दिसली, तरी तो मुलगा गंभीरपणे घेण्याजोगा आहे. चौथ्यांदा, आणि तेव्हाच, पासचे काय झाले ते पाहा. हा क्रम मी आग्रहाने सांगतो, कारण निकाल आधी कळला की निर्णयाचे मोजमाप निष्पक्ष राहत नाही: योग्य निर्णय घेऊनही रिसीव्हरच्या हातातून निसटलेला चेंडू आपण नकळत उणे धरतो आणि बचावपटूच्या हाताला लागून सुटलेला बेजबाबदार पास माफ करतो.

तिसरी पायरी: योजनेने मिळवून दिलेले यार्ड वेगळे काढा

कॉलेजच्या अनेक योजना क्वार्टरबॅकचे काम सोपे करण्यासाठीच आखलेल्या असतात. आडव्या जाणाऱ्या छोट्या पासमध्ये चेंडू चाल सुरू होण्याच्या रेषेच्या मागेच दिला जातो आणि पुढची सगळी कमाई धावणाऱ्याची असते. धाव की पास हे एकाच बचावपटूच्या हालचालीवरून ठरवायची चाल कॉलेजात जास्त फोफावते, कारण तिथे लाइनचे खेळाडू पास सुटण्यापूर्वी तीन यार्डांपर्यंत पुढे जाऊ शकतात, तर एनएफएलमध्ये ही मुभा एकाच यार्डाची आहे.

त्यामुळे टक्केवारी स्वतः काढा. समजा, एखाद्याने एका सामन्यात ३० पैकी २१ पास पूर्ण केले, म्हणजे ७० टक्के. त्यांतले नऊ पास रेषेच्या मागचे होते आणि सगळे पूर्ण झाले. ते वगळले की उरतात २१ पैकी १२, म्हणजे सुमारे ५७ टक्के. खरा प्रश्न या बारा आणि हुकलेल्या नऊ पासांचा आहे. मैदानाच्या मध्यभागी दहा ते वीस यार्डांवर, बचावपटूंच्या दोन थरांमधल्या फटीत फेकलेले पास वेगळे मोजा, कारण एनएफएलमध्ये पोट त्यांच्यावरच भरते.

मैदानाच्या खुणांचाही फरक लक्षात घ्यावा. चाल जिथून सुरू होते त्या दोन खूणरांगांमधले अंतर कॉलेजात ४० फूट आणि एनएफएलमध्ये १८.५ फूट आहे. चेंडू एका खुणेवर असताना पलीकडच्या कडेपर्यंत कॉलेजात १०० फूट रुंदी असते, व्यावसायिक मैदानावर ती ९० फुटांच्या आतच राहते. तेव्हा कॉलेजमधल्या दूरच्या खुणेवरून पलीकडच्या कडेला सपाट आणि वेळेवर जाणारा पास दिसला, तर हाताच्या ताकदीबद्दल निराळी शंका घेण्याची गरज उरत नाही.

चौथी पायरी: अंगावर माणूस आल्यावर तो काय करतो

सगळ्या पायऱ्यांतून एकच निवडायची झाली, तर मी ही निवडेन. पॉकेट (लाइनने क्वार्टरबॅकभोवती धरलेले सुरक्षित कडे) शाबूत असताना शनिवारी, म्हणजे कॉलेजात, उत्तम दिसणारे खेळाडू डझनाने सापडतात; रविवारच्या, म्हणजे एनएफएलच्या, खेळात पॉकेट वारंवार कोसळते. चार सामन्यांतल्या अशा सर्व चाली वेगळ्या काढा ज्यांत कोणी ना कोणी क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचला, आणि प्रत्येकीपुढे लिहा: तो पुढे सरकला, बाजूला निसटला, चेंडू वेळेत सोडला, की पाठ फिरवून मागे धावला? पॉकेटमध्ये दोन पावले पुढे जाऊन नजर मैदानावरच ठेवणे हा फार मोलाचा गुण आहे. पहिला रिसीव्हर झाकलेला दिसताच कडेने धावत सुटणारा मुलगा कॉलेजात पायांच्या वेगावर सुटून जातो, एनएफएलमध्ये कडेला त्याच्याइतकाच चपळ माणूस उभा असतो.

दबावाखालच्या चालींपैकी किती सॅकमध्ये, म्हणजे पास सुटण्याआधीच क्वार्टरबॅक पाडला जाण्यात, संपल्या, हे प्रमाणही काढावे. शंभरपैकी पंधराच्या आत असेल तर तो धोका ओळखून चेंडू सोडतो असे समजावे. पंचवीसच्या घरात असेल तर तो चेंडू फार वेळ धरून ठेवतो. दोष नेहमी लाइनवर ढकलला जातो, पण सॅकमध्ये क्वार्टरबॅकचा स्वतःचा वाटा मोठा असतो आणि ही सवय बहुधा त्याच्याबरोबर वरच्या पातळीवर जाते.

पाचवी पायरी: अचूकता आणि ताकद एकत्र मोजू नका

पूर्ण झालेला पास अचूक असतोच असे नाही. धावत्या रिसीव्हरच्या छातीपुढे, त्याचा वेग न मोडता आलेला चेंडू आणि त्याला थांबून, मागे वळून झेलावा लागलेला चेंडू आकडेवारीत सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक पासला आपण स्वतः तीन वर्गांत घालावे: जागेवर, झेलण्याजोगा, चुकलेला.

या पायरीला सर्वांत मोठा छेद जॉश अॅलनने दिला. वायोमिंगमध्ये त्याची टक्केवारी ५६ च्या आसपास होती, हात मात्र विलक्षण होता. बफेलोने त्याला २०१८ मध्ये सातव्या क्रमांकावर घेतले. पहिल्या हंगामात ५२.८, दुसऱ्यात ५८.८ आणि २०२० मध्ये ६९.२ टक्के अशी त्याची चढण झाली. पण हे उदाहरण घेऊन प्रत्येक ताकदवान, चुकार हातावर पैज लावणे धोक्याचे आहे. अॅलनने फेकीची ठेवण आणि पायांची लय बदलण्यासाठी वर्षानुवर्षे घाम गाळला, त्याला आक्रमणाचा तोच प्रशिक्षक सलग मिळाला, आणि २०२० मध्ये अव्वल रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज आला. म्हणून चुकलेल्या पासांचे कारण शोधा. पाय चुकल्याने हुकलेले पास सुधारता येतात. पाय नीट, वेळ नीट आणि तरीही चेंडू भरकटतो, तिथे सुधारणेची आशा कमी धरावी.

सहावी पायरी: सोबत कोण होते ते पाहा

२०२३ मध्ये एलएसयूच्या जेडन डॅनियल्सला कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक मिळाला, तेव्हा त्याचे दोन रिसीव्हर, मलिक नेबर्स आणि ब्रायन थॉमस, पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत गेले. क्वार्टरबॅक मायकल पेनिक्सचा रिसीव्हर रोम ओडुन्झे याचेही तसेच झाले. अशा जोड्या दिसल्या की रिसीव्हर मोकळा असताना दिलेले पास आणि बचावपटू चिकटलेला असताना दिलेले पास यांची वेगवेगळी नोंद करावी. डॅनियल्सच्या बाबतीत वजाबाकी करूनही पुष्कळ उरत होते, हे पहिल्याच हंगामात सिद्ध झाले. उलट, दुबळ्या संघात सतत पाठीवर आपटणाऱ्या मुलाला थोडी सवलत द्यावी, पण वाईट निर्णयांना देऊ नये.

सातवी पायरी: मोजमापे, चाचण्या आणि मुलाखती

इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टपूर्वीच्या चाचणी-शिबिरात, उंची, हाताचा पंजा, धावण्याचा वेग मोजला जातो, नंतर कॉलेजच्या आवारात प्रो-डे, म्हणजे संघांपुढचे प्रात्यक्षिक, होतो. प्रो-डेला बचावपटू नसतात. नेटमध्ये ठरलेल्या चेंडूंवर सुरेख फटके मारणाऱ्या फलंदाजाइतकेच त्याला महत्त्व द्यावे. ब्रेडी ४० यार्ड ५.२८ सेकंदांत धावला होता. बरोचा पंजा नऊ इंचांचा भरला, कायलर मरे जेमतेम ५ फूट १० इंच आहे, आणि दोघेही आपापल्या वर्षी पहिल्या क्रमांकावर गेले. लहान अंगाच्या खेळाडूबाबत उंचीपेक्षा मार सोसण्याची क्षमता विचारात घ्यावी. दुखापतींचा इतिहास मात्र अक्षरशः वाचावा: पेनिक्सच्या गुडघ्याला दोनदा मोठी दुखापत झाली होती, हे वाचूनही अटलांटाने त्याला आठव्या क्रमांकावर घेतले, म्हणजे तो धोका त्यांनी पत्करला.

बुद्धीच्या चाचण्यांवर फार विसंबू नये. वंडरलिक चाचणी लीगने २०२२ मध्ये कंबाइनमधून काढून टाकली. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडच्या एका चाचणीतल्या कमी गुणांची बातमी फुटली, आणि तोच त्या हंगामातला सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. फळ्यावर चाल मांडायला लावणाऱ्या संघांच्या मुलाखती आपल्याला पाहायला मिळत नाहीत, पण पत्रकारांनी फसलेल्या चालीबद्दल विचारल्यावर तो बचावाची रचना नेमकी सांगतो की मोघम बोलतो, एवढे तरी ऐकता येते.

आठवी पायरी: संघ, किंमत आणि लेखी अंदाज

महोम्सने पहिल्या वर्षी अनुभवी क्वार्टरबॅक अॅलेक्स स्मिथच्या मागे बसून एकच सामना सुरुवातीपासून खेळला. सॅम डार्नोल्डला २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेणाऱ्या न्यूयॉर्क जेट्सने त्याला पहिल्याच सामन्यापासून खेळवले. तो संघ बदलत मिनेसोटात पोहोचला तेव्हा २०२४ मध्ये त्या संघाने १४ सामने जिंकले. तेव्हा मूल्यमापनाच्या शेवटी ‘कुठे’ हा रकाना हवाच: लाइन कशी आहे, प्रशिक्षक टिकणार आहे का, लगेच खेळवणार की थांबवणार.

२०११ पासून नवोदितांचे पगार निवडीच्या क्रमांकानुसार बांधलेले असल्याने चुकलेल्या निवडीचा पैशांतला फटका पूर्वीपेक्षा कमी झाला आहे, पण क्रमात वर सरकण्यासाठी दुसऱ्या संघाला दिलेल्या पुढच्या निवडी परत मिळत नाहीत. म्हणून अंदाज फेरीच्या भाषेत लिहावा: पहिल्या दहांत घ्यावा, पहिल्या फेरीच्या शेवटी चालेल, की तिसऱ्या फेरीपूर्वी हात लावू नये. त्याखाली त्याचे दोन ठळक गुण, एक मोठी शंका आणि ती शंका कोणत्या सामन्यातल्या कोणत्या चालीवरून आली हे नोंदवून तारीख घालावी. ही नोंद कंबाइनच्या आधी पूर्ण करावी आणि नंतर वाढवायची झाल्यास वेगळ्या शाईने वाढवावी. त्याचा तिसरा व्यावसायिक हंगाम संपल्यावर ती बाहेर काढून, कोणत्या पायरीवरचा अंदाज टिकला आणि कोणत्या पायरीवरचा ढासळला, याची खूण त्याच पानावर करावी.