नदीकाठाने, गाड्यांपासून दूर: फ्रान्सच्या मायेन खोऱ्यात ग्रॅव्हल सायकलिंग कसं करावं

दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला महाराष्ट्रातून बरेच सायकलस्वार जातात. 1,200 किमी, 90 तास. वाटेत व्हिलेन-ला-ज्युएल नावाचं एक छोटं गाव लागतं. तिथल्या टाळ्यांची आठवण परत आलेला जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. पण घड्याळ मागे लागलेलं असतं, त्यामुळे सूप-पाव पोटात ढकलून सगळे पुढे निघतात. त्या गावाच्या पश्चिमेला साधारण 30 किमीवर मायेन नदी वाहते. तिच्या काठाने मोटारगाड्यांना बंदी असलेली वाट आहे, हे बहुतेकांना कळतही नाही.

हा लेख त्या वाटेसाठी आणि तिथल्या ग्रॅव्हल सायकलिंगसाठी, म्हणजे खडी-मातीच्या वाटांवर सायकल चालवण्यासाठी आहे. पुढची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस 2027 मध्ये आहे. त्या निमित्ताने जाणाऱ्यांनी एक आठवडा जास्तीचा काढावा असं मला मनापासून वाटतं. ब्रेव्हेशी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या अशा सायकलफेऱ्यांशी, काही संबंध नसलेल्यांनी तर जावंच, कारण इथे चढ जवळजवळ नाही आणि घाई अजिबात नको.

आधी पायाखालची वाट ओळखा

फ्रान्समध्ये गाड्यांशिवायचा मार्ग म्हणजे एकच एक प्रकार नव्हे. या भागात तीन प्रकार भेटतात आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

पहिली, नावा ओढण्याची वाट. फ्रेंचमध्ये तिला ‘शमँ द हलाज’ म्हणतात. इंजिनं येण्याआधी मालाच्या नावा घोडे आणि माणसं काठावरून दोराने ओढत. ओढणाऱ्याला चढ परवडत नाही, म्हणून ही वाट पाण्याला लागून, सपाट राहिली. एकोणिसाव्या शतकात मायेनवर बंधारे आणि लॉकगेट (नावेला पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजे) बांधून ती नौकानयनासाठी तयार केली. म्हणूनच आज काठाने जाताना थोड्या थोड्या अंतरावर एक बंधारा, एक लॉक आणि शेजारी लॉक सांभाळणाऱ्याचं छोटं घर दिसतं. उतार काय तो या लॉकपाशी, तोही थोडासाच.

दुसरी, बंद पडलेल्या रेल्वेची वाट. रूळ काढले, खडी दाबली, वर दगडाची बारीक भुकटी पसरली. आगगाडीलाही तीव्र चढ झेपत नसे, त्यामुळे इथला चढ लांबलचक पण इतका हलका असतो की तो आहे हे फक्त वेग कमी झाल्यावर कळतं. मायेन शहरापासून उत्तरेला दोंफ्राँपर्यंत अशी वाट जाते.

तिसरी, जंगलातला वनखात्याचा रस्ता. लाकडाच्या ट्रकसाठी केलेला, मोठ्या खडीचा, कुठे खड्डा तर कुठे चिखल. ग्रॅव्हल सायकलचा खरा उपयोग इथेच.

खूण म्हणून निळ्या चौकोनी पाटीवर चालणारा माणूस आणि सायकल ही चित्रं शोधा. ही ‘व्वा वेर्त’, म्हणजे हिरव्या वाटेची पाटी. 2004 मध्ये तिला वाहतूक नियमांत स्वतंत्र जागा मिळाली. पांढऱ्या पाटीवर हिरवी सायकल आणि हिरवी अक्षरं दिसली, तर तो खुणा केलेला सायकलमार्ग आहे. मात्र त्यावर गाड्या नसतीलच असं नाही. हा फरक घरून निघतानाच डोक्यात पक्का करा. अनेक जण ही हिरव्या अक्षरांची पाटी बघून सगळा मार्ग गाडीमुक्त समजतात आणि मधल्या डांबरी तुकड्यावर गोंधळतात.

महिना कोणता?

मे, जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टही चालेल, पण तेव्हा फ्रेंच शाळांना सुट्टी असते आणि नदीकाठचे कॅम्पिंग तळ भरतात. हिवाळ्यात जाऊ नका. मायेनला पूर येतो आणि काठाची वाट कित्येक ठिकाणी पाण्याखाली जाते. पावसाळी हवा असेल तर निघण्याआधी सरकारी पूरसूचनेची ‘व्हिजिक्रू’ ही वेबसाइट बघून घ्या. नदीच्या पातळीचा रोजचा आलेख तिथे मिळतो.

पावसाबद्दल अजून एक. दगडाची भुकटी कोरडी असताना सिमेंटसारखी टणक असते, भिजली की तिची पेस्ट होते. ही पेस्ट चेन, ब्रेक आणि डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या भागात) जाऊन बसते आणि धातू घासून काढते. म्हणून पूर्ण मडगार्ड लावा. दिसायला कसं का असेना, तिसऱ्या दिवशी त्याची किंमत कळते. रोज संध्याकाळी चेन फडक्याने पुसून तेलाचे चार थेंब टाकायला पाच मिनिटं लागतात.

सायकल

भारी कार्बन सायकल लागत नाही. टायर 38 ते 42 मिमी घ्या, मधोमध गुळगुळीत आणि कडांना थोडी पकड असलेले. 70 किलोच्या माणसाला थोड्या सामानासह 35 ते 45 पीएसआय हवा पुरते. रोड सायकलच्या सवयीने कडक हवा भरलीत तर दिवसभर मनगटं ठणकतील.

एक हलका गिअर मात्र हवाच. खोऱ्यात सपाट असलं तरी इथली जुनी गावं संरक्षणासाठी टेकडीवर वसली आहेत. दोंफ्राँ त्याचा नमुना. मुक्कामाला वर चढताना सामानासह दम लागतो.

इथून सायकल नेणार असाल तर खोक्यात घालून न्या, आणि हवेच्या गॅस काडतुसाऐवजी हातपंप घ्या, विमानतळावरची कटकट टळते. एका आठवड्यासाठीच जाणार असाल तर भाड्याची सायकल घ्यावी हे माझं स्पष्ट मत आहे. खोकं कुठे ठेवायचं, हा प्रश्न अर्धी सहल खातो.

पोहोचणं आणि टप्पे

शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा प्रवास-वैद्यकीय विमा लागतो. सायकलिंग त्यात धरलंय का, हे पॉलिसीत शोधून वाचा. पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून लाव्हाल आणि आंजे या दोन्ही शहरांना थेट वेगवान गाडी आहे. या गाडीत सायकल चाकं काढून पिशवीत न्यावी लागते, किंवा काही गाड्यांत आगाऊ पैसे भरून सायकलची जागा राखता येते. तिकीट काढताना हे आधी बघा, सायकलच्या जागा मोजक्याच असतात. ‘तेर’ नावाच्या प्रादेशिक गाड्यांमध्ये सायकल तशीच चढवता येते.

माझा आराखडा असा. लाव्हालला उतरा. पहिल्या दिवशी नदीच्या उगमाकडे तोंड करून मायेन शहर गाठा, साधारण 35 किमी. विमानप्रवासाने आंबलेल्या पायांना एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या वाटेने दोंफ्राँ, 40-50 किमी. तिसरा दिवस, जमल्यास चौथाही, जंगलाला. मग त्याच वाटेने खाली परत लाव्हाल. पुढे शातो-गोंतिये 35 किमी, आणि शेवटी आंजे, 50 किमीच्या वर.

आलेल्याच वाटेने परत कशाला, असं वाटेल. पण सकाळी पूर्वेकडून उजळलेला बंधारा संध्याकाळी वेगळा दिसतो. जाताना पाण्याच्या आवाजाकडे लक्ष जातं, येताना काठावरच्या बगळ्यांकडे. शिवाय कुठली बेकरी चांगली आणि कुठला नळ चालू, हे तुम्हाला आता माहीत असतं. ही नदी दोनदा बघण्यासारखी आहे.

आंजेच्या टप्प्यात मार्ग अधूनमधून नदी सोडून लहान ग्रामीण रस्त्यांवर जातो. ‘व्हेलो फ्रांसेत’च्या पाट्या सोडू नका. नॉर्मंडीच्या किनाऱ्यापासून ला रोशेलपर्यंत जाणारा हा लांब मार्ग आहे, आपण त्याचा मधला तुकडा चालवतोय.

लाव्हालच्या दक्षिणेला आंत्राम गावाजवळ, नदीकाठीच, ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा जुना मठ लागतो. पोर-साल्यू चीज एकोणिसाव्या शतकात याच मठात जन्मलं. आता ते दुसरीकडे कारखान्यात बनतं, पण नाव या घाटाचं आहे. आणि लाव्हालमध्ये थांबलात तर लक्षात असू द्या, 1844 मध्ये इथे चित्रकार आंरी रूसो जन्मला आणि 1873 मध्ये लेखक आल्फ्रेड जारी. जारीला सायकलचं वेड होतं.

जंगलात

दोंफ्राँच्या पूर्वेला, बान्योल-द-लॉर्न या गरम झऱ्याच्या गावाभोवती आंदेनचं जंगल आहे. ओक आणि बीच. बीचच्या उंच खोडांखाली मे महिन्यात उजेड हिरवा पडतो. तो बघायला तरी मेमध्ये जा.

इथे नकाशा लागतोच. फ्रान्सच्या नकाशा संस्थेचे, म्हणजे ‘इजेएन’चे 1:25,000 नकाशे घ्या. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षात 250 मीटर, आणि वनरस्ता व पायवाट वेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. फोनवरही ते उतरवून ठेवता येतात, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. वनरस्त्याच्या तोंडाशी आडवा दांडा असला तर तो बहुधा मोटारींसाठी असतो. पण ‘प्रवेश बंद’ची पाटी असेल, लाकूडतोड चालू असेल, तर मागे फिरा. रचलेल्या ओंडक्यांवर बसून डबा खायचा मोह होतो. तो टाळा, ओंडके घसरतात.

शिकारीचा हंगाम सप्टेंबरपासून साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंत असतो. ‘शास आँ कूर’ म्हणजे शिकार चालू आहे. ही पाटी दिसली की त्या बाजूला जायचंच नाही, आणि या महिन्यांत भडक नारिंगी किंवा पिवळा टीशर्ट घालावा. संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, पायमोज्यांच्या कडेला गोचीड चिकटलीय का तपासा. लाइम रोग तिच्यातूनच होतो. बारीक चिमटा किंवा फार्मसीत मिळणारा छोटा आकडा जवळ ठेवा.

पोटापाण्याचं

पाणी संपलं तर गावचं कब्रस्तान शोधा. तिथे फुलांना पाणी घालण्यासाठी नळ असतोच. ‘ओ पोताब्ल’ लिहिलं असेल तर प्या, ‘नों पोताब्ल’ असेल तर फक्त तोंड धुवा.

दुकानांच्या वेळा आपल्याला चकवतात. दुपारी बारा ते दोन गाव झोपतं, रविवारी दुपारनंतर सगळं बंद, सोमवारीही बऱ्याच बेकऱ्या उघडत नाहीत. शनिवारी संध्याकाळीच दोन दिवसांचा पाव, चीज, फळं घेऊन ठेवा. शाकाहारी असाल तर ‘सां व्यांद, सां प्वासों’ म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे कागदावर लिहून दाखवा. कुट्टूच्या पिठाची गालेत, म्हणजे घावनासारखा पदार्थ, अंडं-चीज किंवा मशरूम घालून सहज मिळते. दोंफ्राँच्या आसपास नाशपातीची उंच, जुनी झाडं दिसतील. त्या फळांपासून बनणाऱ्या मद्याला, पोआरेला, 2002 मध्ये भौगोलिक नामांकन मिळालं. ते मुक्कामाला पोहोचल्यावरच प्या.

मुक्कामासाठी ‘आक्यय व्हेलो’ची पाटी बघा. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आतली, सायकल ठेवायला सुरक्षित जागा देणारी ठिकाणं तिने ओळखू येतात.

वाटेवर वागणं

फ्रान्समध्ये उजवीकडून चालायचं असतं. वाटेवर हे सहज जमतं, घात होतो तो विश्रांतीनंतर परत निघताना. सवयीने आपण डावीकडे वळतो. मी हँडलवर उजव्या बाजूला रंगीत चिकटपट्टी लावण्याचा सल्ला देते. कानात इअरफोन घालून सायकल चालवणं तिथे कायद्याने बंद आहे, घंटी सक्तीची आहे. अंधारात गावाबाहेर चकाकणारं जाकीट घालावं लागतं. मुलं बरोबर असतील तर 12 वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं. अपघात झाला तर 112.

मासे पकडणाऱ्यांचे लांब गळ वाटेवर आडवे असतात. लांबूनच ‘बोंझूर’ म्हणा, घंटी त्यानंतर. घोडा समोरून आला तर थांबा आणि बोला, माणसाचा आवाज ऐकला की घोडा बुजत नाही.

शेवटच्या दिवशी आंजेच्या उत्तरेला मायेन आणि सार्त एकत्र येतात आणि मेन नदी बनते. या संगमात ईल सँतोबँ नावाचं कुरणाचं बेट आहे. हिवाळ्यात ते पाण्यात बुडतं, उन्हाळ्यात तिथे गुरं चरतात, आणि साखळीवर चालणाऱ्या छोट्या नावेतून सायकलसह पलीकडे जाता येतं. नाव बंद असेल तर वळसा घालून शहरात शिरा. आंजेच्या किल्ल्यात चौदाव्या शतकातलं शंभरेक मीटर लांबीचं विणलेलं भित्तिचित्र आहे, ते आधी बघून घ्या. स्टेशनवर मात्र गाडीच्या तासभर आधी पोहोचा, चाकं काढून सायकल पिशवीत घालायला तेवढा वेळ लागतोच.