लघुग्रह शोधमोहिमेत शाळा उतरवताय? या चुका टाळा

हवाईतल्या हालेआकाला डोंगरावरची पॅन-स्टार्स दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याचे काही मिनिटांच्या अंतराने फोटो काढते. ‘इंटरनॅशनल अ‍ॅस्टेरॉइड सर्च कॅम्पेन’ त्यांतल्या चार-चार फोटोंचे संच शाळांना मोफत देते आणि मुलं त्यांत सरकणारे ठिपके शोधतात. विंडोजवाला संगणक आणि अ‍ॅस्ट्रोमेट्रिका हे सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागतं. पाठवलेल्या नोंदी बाद होतात त्या मात्र बहुतेक घाईपायी.

हलला की लघुग्रह, ही सगळ्यात मोठी चूक. फोटो ब्लिंक केले, म्हणजे एकामागोमाग एक पटापट दाखवले, की काही ना काही लुकलुकतंच: बिघडलेला पिक्सेल, अवकाशातून येणाऱ्या कॉस्मिक किरणाचा ओरखडा, नुसता नॉइज (फोटोतला खरखरीत गोंगाट). खरा लघुग्रह सरळ रेषेत, वेळेच्या प्रमाणात सरकतो आणि त्याचं तेज चारही फोटोंत साधारण तेवढंच राहतं. ठिपक्यावर क्लिक करून त्याच्या तेजाचा आलेख बघा. घंटेच्या आकाराचा उंचवटा हवा. एसएनआर (नॉइजच्या तुलनेत ठिपका किती ठळक आहे याचं माप) 5 च्या खाली असेल तर सोडून द्या. मुलं हिरमुसतात, सर-मॅडम त्याहून जास्त! पण तीन फोटोंत सरळ जाऊन चौथ्यात भलतीकडे उडी मारणारा ठिपका ‘असेलही कदाचित’ म्हणून पाठवू नये.

दिसेल तो लघुग्रह नवाच वाटतोय? मग मायनर प्लॅनेट सेंटर या लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेची एमपीसीऑर्ब फाइल, म्हणजे माहीत असलेल्या लघुग्रहांच्या कक्षांची यादी, जुनी असणार. ती ताजी उतरवली की माहीत असलेल्या लघुग्रहांवर नावं दिसू लागतात. फोटो ताऱ्यांशी जुळतच नसतील तर आधी इंटरनेट तपासा, कारण तारकासूची तिथूनच येते. मग मोहिमेने दिलेली कॉन्फिगरेशन फाइल (सॉफ्टवेअरच्या सेटिंगची फाइल) लावली आहे का ते पाहा. स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मुलांना ठिपके शोधायला सांगणं तर नकोच. मोजमाप दुर्बिणीच्या फोटोंच्या मूळ फिट्स फाइलवरच होतं.

एका वस्तूला चारही फोटोंत एकच नाव द्या. लॅबमध्ये दोघं दोन संगणकांवर बसले की हमखास गोंधळ होतो.

प्रमाणपत्रावर ‘प्रिलिमिनरी’ असेल तर ‘विद्यार्थिनीने लघुग्रह शोधला’ अशी बातमी पेपरात देऊ नका. ती प्राथमिक नोंद असते. वस्तू पुन्हा दिसली तर तात्पुरतं नामांकन मिळतं. कक्षा पक्की होऊन कायमचा क्रमांक पडायला कित्येक वर्षं जातात, आणि नाव सुचवण्याची वेळ त्यानंतर येते. तोवर आठवीतली मुलगी कॉलेज संपवून बाहेर पडलेली असेल. म्हणून कोणत्या संचात, कोणत्या तारखेला, कोणाला काय दिसलं याची नोंदवही शाळेच्या कपाटात ठेवा, शिक्षकांच्या घरी नको.