मोर्तेराचला हिमनदीने सोडलेली जमीन कशी बघावी

स्वित्झर्लंडला गेलात तर मोर्तेराच स्टेशनवर उतरा आणि हिमनदीची वाट धरा. वाटेवर वर्षांच्या पाट्या आहेत: अमुक साली बर्फ इथपर्यंत होता. मी आधी न थांबता वर जाते आणि जमीन परतताना बघते. बर्फ वर वर हटत गेला, म्हणून वरची जमीन सगळ्यात नवी आणि खालची जुनी; उतरताना माती तयार होण्याचा क्रम ओळीने लागतो.

वर नुसता करडा चुरा. चिमूटभर बोटांत चोळा, खरखरीत लागेल, वास काहीच नाही. मग दगडांच्या आडोशाला फिकट फुलांचा क्लोव्हर (हरभऱ्याच्याच कुळातलं एक छोटं रोप) शोधा. उपटू मात्र नका! पाण्याने एखादं मूळ उघडं पडलं असेल तर त्यावर बारीक गाठी दिसतात, आपल्या हरभऱ्याच्या मुळांवर असतात तशाच. त्यांतले जीवाणू हवेतला नायट्रोजन रोपाला देतात, रोप कुजलं की तो जमिनीत उतरतो. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

पुढे विलोची झुडपं, मग लार्चची झाडं. लार्च सूचिपर्णी असूनही शरदात पानं गाळतो. स्टेशनजवळच्या जुन्या लार्चखालचा सुयांसारख्या पानांचा थर हलकेच बाजूला सारा. खाली काळपट, ओलसर माती, पावसाळी रानाचा वास. एवढीशी माती व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागलीत. बघून झालं की सुया परत पसरून ठेवा.